परत फिरणारे सांडपाणी

मोरीत ओतलेले पाणी दिसेनासे झाले, की आपण त्याला विसरतो. परंतु पावसाळ्यात कधी कधी तेच पाणी, अधिक घाण होऊन, त्याच वाटेने घरात परत येते. असे का होते?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव अडाण नदीच्या काठी वसले आहे. या मुलखात काळी जमीन पुष्कळ. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. पण श्रावणात झड लागली, की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरेनासे होते. शौचालयाच्या टाकीतील पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत जिरावयाचे असते. जमिनीचेच पोट भरले, तर ते जाणार कोठे? आधी खड्डा भरतो, मग टाकी भरते आणि अखेर पाणी नळातून मागे फिरते.

उघड्या गटारांचीही तीच गत. पुराचे पाणी गटाराच्या तोंडाहून वर चढले, की गटाराचा मार्ग खुंटतो. पाणी समपातळीत राहू पाहते. म्हणून सर्वांत सखल घराची मोरी प्रथम उफाळते. शीत देशांत हे संकट वसंतात ओढवते. तेथे बर्फ वितळते, पण खालची जमीन गोठलेलीच असते.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच समुद्राला भरती आली. मिठी नदी फुगली आणि गटारांचे पाणी घराघरांत शिरले. पुढे लेप्टोस्पायरोसिस या रोगाने अनेकांचे प्राण घेतले.

अशा पाण्यात पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू असू शकतात. ते विहिरीत झिरपले, तर साऱ्या वस्तीला धोका पोहोचतो. टाकीत विषारी वायूही साठतो. त्याने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. म्हणून टाकीचे झाकण कधीही उघडू नये. संरक्षक साधनांवाचून कोणालाही तीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे.

उपाय मात्र साधे आहेत. छपराचे पाणी टाकीत सोडू नये. मोरीत चिंध्या, प्लास्टिक व खरकटे टाकू नये. पावसाळ्यापूर्वी टाकी यंत्राने उपसून घ्यावी. सखल घरांच्या नळास एकमार्गी झडप बसवावी. पुरानंतर पाणी उकळूनच प्यावे.

गटार सर्वांचे असते. वरच्या आळीतील घराने टाकलेली चिंधी खालच्या आळीतील घराची मोरी तुंबविते, हे आपण विसरता कामा नये.