प्लगइन मॉड्यूलची सार्वत्रिक उपलब्धता

एखाद्या वेब उपयोजनाला जोडलेला पूरक आज्ञासंच (प्लगइन) त्या उपयोजनाच्या कोणत्याही पानावरून व कोणत्याही घटकातून, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे न जोडता वापरता येईल अशी व्यवस्था करणे, यास त्या मॉड्यूलची सार्वत्रिक उपलब्धता म्हणतात. मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण मराठी विकिपीडियावरच आढळते. तेथे एकदा मराठी लेखनपद्धत निवडली की लेख संपादनाची चौकट असो वा शोधपेटी, कंट्रोल व एम या कळा एकत्र दाबून देवनागरी टंकन चालू किंवा बंद करता येते.

या सोयीचे महत्त्व ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्याला अधिक जाणवते. नांदेडमधील महाविद्यालयाच्या संगणककक्षात किंवा लातूरमधील सायबर कॅफेत बसलेल्या विद्यार्थ्याला समोरच्या यंत्रावर मराठी कळफलक बसवून घेण्याची मुभा बहुधा नसते. टंकनाची सोय संकेतस्थळानेच पुरवली, तरच आपल्या गावाच्या लेखात त्याला दोन ओळींची भर घालता येते.

प्रश्नाचे स्वरूप

जावास्क्रिप्ट भाषेत २०१५ च्या प्रमाणकापासून मॉड्यूल ही अधिकृत रचना आली. मॉड्यूलमध्ये घोषित केलेली नावे त्या मॉड्यूलपुरतीच मर्यादित राहतात; दुसऱ्या फाइलला ती हवी असतील तर निर्यात आणि आयात करावी लागते. ही मर्यादा हेतुपुरस्सर घातलेली आहे. त्यापूर्वी सर्व नावे ब्राउझरच्या ‘विंडो’ या एकाच वस्तूवर जमा होत आणि दोन ग्रंथालयांनी एकच नाव घेतले की नंतर आलेले आधीच्याला पुसून टाकी. प्रोटोटाइप (२००५) आणि जेक्वेरी (२००६) या दोन्ही ग्रंथालयांनी डॉलरचे चिन्ह आपले लघुनाम म्हणून घेतले होते. त्यांची एकाच पानावर गाठ पडे तेव्हा जेक्वेरीला ‘नोकॉन्फ्लिक्ट’ या आज्ञेद्वारे ते चिन्ह परत करावे लागे. सार्वत्रिकतेचा पहिला धोका हा असा नावांचा आहे.

रीती

सर्वांत सोपी रीत म्हणजे मॉड्यूल थेट ‘विंडो’वर टांगणे. लहान पानासाठी ती पुरते, मोठ्या उपयोजनात मात्र कोणती वस्तू कोणी ठेवली याचा माग लागत नाही. त्याहून शिस्तीची रीत म्हणजे यजमान उपयोजनाने नेमून दिलेल्या जागी नोंदणी करणे. जेक्वेरीत ‘एफएन’ नावाच्या वस्तूला जोडलेली कृती जेक्वेरीने निवडलेल्या प्रत्येक घटकावर चालवता येते. व्ह्यू या चौकटीत ‘यूज’ ही आज्ञा प्लगइनची नोंदणी करते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइन सामाईक मूळ वस्तूला जोडले जाई, त्यामुळे एकाच पानावरील दोन उपयोजनांत त्याची सरमिसळ होऊ शके. २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीत ही नोंदणी त्या-त्या उपयोजनापुरती झाली. येथे ‘सार्वत्रिक’ या शब्दाचा अर्थ ‘उपयोजनाच्या सीमेत सर्वत्र’ एवढाच घ्यावयाचा असतो, आणि तो तसा घेणेच हिताचे.

मराठी विकिपीडियावरील टंकन

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर देवनागरी व इतर लिप्यांच्या टंकनासाठी आधी नारायम हा विस्तार वापरात आला. तो एकेका विकिपीडियावर स्वतंत्रपणे सुरू करावा लागे. २०१३ मध्ये त्याची जागा युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर या सामाईक विस्ताराने घेतली व तो विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांवर बसवण्यात आला. त्यातील टंकनाचा भाग जेक्वेरी आयएमई या नावाचे स्वतंत्र प्लगइन आहे.

या प्लगइनची रचना अभ्यासण्याजोगी आहे. त्याचे मुख्य अंग लहान असून वर सांगितलेल्या ‘एफएन’ला जोडलेले असते. त्यामुळे पानावरील कोणतीही लेखनचौकट त्याला हाताळता येते. प्रत्येक भाषेचे टंकननियम मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले आहेत. मुख्य अंगाजवळ केवळ त्या फाइलींची सूची असते. वापरकर्त्याने ‘मराठी लिप्यंतरण’ किंवा ‘इनस्क्रिप्ट’ निवडले की तेवढी एक फाइल मागवली जाते आणि ती आल्यावर ‘रजिस्टर’ या आज्ञेने स्वतःची नोंद करते. ग्रंथालयात तालिका सर्वांसमोर आणि पुस्तके कपाटात असतात, तसाच हा प्रकार.

नियम लागू होण्याची पद्धतही साधी आहे. कळ दाबली की लेखनचिन्हाच्या आधीची काही अक्षरे आणि नवे अक्षर मिळून नियमांशी ताडून पाहिली जातात व पहिला जुळणारा नियम लागू होतो. लिप्यंतरणात ‘एल’ दाबल्यावर ‘ल्’ उमटतो, ‘ए’ने तो पूर्ण होतो आणि दुसऱ्या ‘ए’ने ‘ला’ बनतो. ‘लातूर’ची सुरुवात अशी होते. ‘नांदेड’ लिहिताना मधला ‘द’ लहान ‘डी’ने, तर शेवटचा ‘ड’ मोठ्या ‘डी’ने येतो. नवख्या लेखकाची गफलत येथेच होते. मग ‘नांदेद’ असे रूप उमटते, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

भार

सर्वत्र उपलब्ध असणे आणि सर्वांवर लादले जाणे यांतील भेद याच विस्ताराच्या इतिहासात ठळकपणे दिसतो. टंकनासोबत त्यात वेबफॉन्टची सोयही होती. ज्या संगणकावर संबंधित लिपीचा टंक नसेल तेथे तो आपोआप उतरवला जाई. टंकाची फाइल टंकननियमांच्या फाइलीपेक्षा बरीच मोठी असते आणि मंद जोडणीवर पान उघडण्यास विलंब लागतो. जानेवारी २०१४ मध्ये कामगिरीच्या कारणास्तव हे स्वयंचलित उतरवणे थांबवण्यात आले व वेबफॉन्ट हवा असल्यास वापरकर्त्याने भाषेच्या मांडणीत तो स्वतः निवडावा, अशी व्यवस्था झाली.