इंजिनाचा पिवळा दिवा

नारळी पौर्णिमा होऊन गेली आहे. थळच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन तुम्ही पहाटे अलिबागेकडे निघाला आहात, आणि एकाएकी स्टिअरिंगपुढे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. काळजात धस्स होतं. थांबावं, तर पाट्यांतला बर्फ वितळणार. जावं, तर गाडीचं काय होईल?

मंडळी, आधी दिवा कसा जळतो ते पाहा. तो स्थिर असेल, इंजिन थरथरत नसेल आणि ओढ कमी झाली नसेल, तर सावकाश मुक्काम गाठा आणि लवकर गॅरेज पाहा. दिवा उघडझाप करीत असेल, तर मात्र गाडी बाजूला घ्या. इंजिन 'मिसिंग' करीत असतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या भागात जाऊन पेटतं आणि तो भाग जाळून टाकतं. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करायचं.

आता तुम्ही म्हणाल, गाडी ठीक चालते, मग दिवा का? ही व्यवस्था मुळात धुरावर नजर ठेवण्यासाठी आली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना तिची प्रगत पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० पासून भारत स्टेज ४ बरोबर येत गेली. गाडीतला छोटा संगणक हवा, इंधन आणि धूर यांचा हिशेब ठेवतो. हिशेब जुळला नाही की दिवा लावतो, आणि एक क्रमांक नोंदवतो.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की तो क्रमांक वाचता येतो. समजा, 'पी ०३०२' आला. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतो आहे. पण कशामुळे, ते क्रमांक सांगत नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, वायर, कोणीही दोषी असेल. तपासाविना नवा भाग बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग करावं काय? प्रत्येक सिलिंडरला वेगळं कॉईल असेल, तर इंजिन थंड झाल्यावर दोन आणि तीन नंबरची कॉईलं आपसांत बदलावीत. पुढच्या खेपेस 'पी ०३०३' आला, तर चोर कॉईलच. क्रमांक तोच राहिला, तर प्लगकडे आणि वायरकडे वळावं.

आपल्या किनाऱ्यावर खारी हवा कनेक्टरच्या पिना गंजवते, आणि उंदीर वायरी कुरतडतात. तेव्हा खर्चाआधी बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहा. बॅटरीची तार काढली की दिवा विझतो खरा, पण नोंदही पुसली जाते. म्हणून क्रमांक आधी कागदावर उतरवून घ्या.

जुनी गाडी घेताना किल्ली फिरवून पाहा. हा दिवा आधी लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर व्यवहार करण्यापूर्वी तो का लागत नाही, ते तपासून घ्या.