पाटी कुणाची, मेहनत कुणाची?



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत दोन गटांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, फ्रँचायझी घ्यावी का?" एका गटाला चहाची घ्यायची होती, दुसऱ्याला आईस्क्रीमची. आम्ही लगेच हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आमच्या गटानं चहाची फ्रँचायझी तीन वर्षं चालवली आहे. तेव्हा आज आमचाच हिशोब तुमच्यापुढे मांडतो. वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

आधी फ्रँचायझी म्हणजे काय ते बघू. शेत खंडानं घेतो ना आपण, तसंच हे. शेत मालकाचं, कसायचं आपण. पीक येवो न येवो, ठरलेला खंड द्यायचा. फ्रँचायझीत शेताच्या जागी कंपनीचं नाव असतं. पाटी त्यांची, चव त्यांची, कपावरचं चित्र त्यांचं. दुकान, कर्ज, राबणारे हात मात्र आपले. नाव वापरायला मिळतं म्हणून सुरुवातीला एकदा प्रवेश फी द्यायची आणि पुढे दर महिन्याला विक्रीवर काही टक्के. या टक्क्यांना रॉयल्टी म्हणतात. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोटा झाला तरी ती द्यावी लागते.

आमचा गट दहा जणींचा. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर गाळा मिळत होता. कंपनीचा माणूस आला, त्यानं छापील कागद दाखवला. रोज ४०० कप, १० रुपये कप, महिन्याला १,२०,००० रुपये विक्री. आम्हाला हुरूप आला. ठराव झाला, सह्या झाल्या.

खर्च असा झाला. प्रवेश फी १,५०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २७,०००. हा कर कागदावर अगदी बारीक अक्षरात होता. काउंटर, पाटी आणि मशीन १,९५,०००. गाळ्याची अनामत ३०,०००. पहिला माल २५,०००. एकूण ४,२७,००० रुपये. त्यातले ३,००,००० बँकेचं कर्ज आणि १,२७,००० आमची बचत. करार तीन वर्षांचा.

दुकान सुरू झालं. ४०० कप फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेज बंद असलं की दीडशेवर यायचे. सरासरी पडली २२० कप. आता महिन्याचा हिशोब लिहून घ्या.

विक्री ६६,०००. दूध, साखर, कंपनीकडूनच घ्यायची चहा पावडर आणि कप मिळून कपाला ५ रुपये, म्हणजे ३३,०००. उरले ३३,०००. त्यातून गाळ्याचं भाडं ६,०००. वीज आणि गॅस ५,०००. काउंटरवरच्या दोघींचा पगार १२,०००. रॉयल्टी ५ टक्के आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून साधारण ३,९००. बँकेचा हप्ता ९,३००. बेरीज ३६,२००. म्हणजे दर महिन्याला ३,२०० रुपये कमी पडायचे.

कंपनीच्या कागदावर हा तोटा का दिसला नव्हता? आम्ही तो कागद पुन्हा काढून पाहिला. कपांचा आकडा फुगवलेला होताच. पण त्यात बँकेचा हप्ता नव्हता आणि पगाराची ओळही नव्हती. त्या माणसाला तेव्हा विचारलं होतं, तर तो हसून म्हणाला होता, "घरच्याच बायका बसणार ना ताई, मग पगार कसला?" आणि आम्हीही माना डोलावल्या होत्या!

पुढे काय झालं ते सांगायला जड जातं. चार महिने त्या दोघींनी पगार घेतलाच नाही. पहाटे पाचला दुकान उघडायचं, रात्री आठला बंद करायचं, आणि महिनाअखेरीला रिकाम्या हातानं घरी जायचं. त्यातल्या एकीनं मुलीच्या अकरावीच्या फीसाठी गटाकडूनच अंतर्गत कर्ज काढलं. लोक म्हणायचे, बायकांचं दुकान जोरात चाललंय. दुकान चाललं होतं ते त्या दोघींच्या फुकटच्या मजुरीवर.

म्हणून आता कुठल्याही धंद्याचा हिशोब करताना आमच्या वहीत पहिली ओळ मजुरीची असते. बाई घरची असो की बाहेरची, तिच्या दिवसाला मोल आहे. मजुरी धरून धंदा उरत नसेल, तर तो धंदा तोट्याचा समजायचा.

नाव आम्हाला केवढ्याला पडलं, तेही नंतर काढलं. प्रवेश फी करासह १,७७,००० रुपये, ३६ महिन्यांत वाटली तर रोजचे १६४ रुपये. २२० कपांवर कपामागे ७५ पैसे. रॉयल्टीचे कराधरून ५९ पैसे. म्हणजे १० रुपयांच्या प्रत्येक कपातले १ रुपया ३४ पैसे नुसत्या नावाचे. आता प्रश्न असा की त्या नावामुळे गिऱ्हाईक येत होतं का? आमच्या स्टँडवर ते नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. लोक येत होते ते गाळा मोक्याचा म्हणून, आणि आमच्या हाताला चव म्हणून.

याचा अर्थ फ्रँचायझी वाईटच असं नाही. ज्या नावाचा माल लोक आधीपासून मागून घेतात, जो माल आपल्याला घरी करता येत नाही आणि जिथे कंपनी माल वेळेवर पोचवते, तिथे नावाचा उपयोग होतो. शिकवणही मिळते. मोजून पावडर टाकणं, रोजचा स्टॉक लिहिणं, काउंटर स्वच्छ ठेवणं हे आम्ही तिथेच शिकलो. शिवाय सगळेच रॉयल्टी घेतात असंही नाही. अमूल आपल्या पार्लरसाठी रॉयल्टी घेत नाही, आपण मालावरच्या कमिशनवर कमवायचं असतं. पण मोठ्या नावाभोवती भामटेही फिरतात. अमूलच्या नावानं एजन्सी देतो म्हणून फसवणाऱ्या खोट्या वेबसाइट निघाल्या होत्या आणि कंपनीलाच लोकांना सावध करावं लागलं. फोनवर "आज पैसे भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० नंबरवर तक्रार करा.

मग घेण्याआधी काय करायचं?

पहिलं, गिऱ्हाईक स्वतः मोजा. ज्या जागी दुकान टाकायचंय तिथे तीन दिवस बसा. एक बाजाराचा दिवस, एक साधा, एक सुट्टीचा. शेजारच्या टपरीवर किती कप जातात, खडे टाकून मोजा. मग विचारा, रोज किती कप गेले तर हप्ता आणि मजुरी सुटेल? आमचं उत्तर होतं २४५ कप. हे आधी मोजलं असतं तर सही करताना हात थांबला असता.

दुसरं, त्याच कंपनीची जुनी दुकानं बघा. कंपनी दाखवेल ती नव्हे, आपण शोधलेली. निदान एक बंद पडलेलं बघा आणि त्या मालकाशी बोला.

तिसरं, करार गटात मोठ्यानं वाचा. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यानंच सगळं चालतं. म्हणून कागदावर जे लिहिलंय तेच धरलं जातं, तोंडी वचन सिद्ध करणं अवघड. मुदत किती? मधेच सोडलं तर काय जातं? माल त्यांच्याकडूनच घ्यायचा का, आणि त्याचा भाव कोण वाढवणार? जवळपास दुसरं दुकान देणार नाहीत असं लिहिलंय का? भांडण झालं तर कोर्ट कुठल्या गावचं? आमच्या करारात दूरच्या शहराचं नाव होतं. तिथे जायचं म्हटलं तरी दोन दिवसांची मजुरी बुडते.

इंग्रजी करार असेल तर घाबरू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. हा १९८७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. आम्ही तिथे गेलो, पण सही करून झाल्यावर. तुम्ही आधी जा.

चौथं, अन्न सुरक्षेची नोंदणी आपल्या दुकानाच्या नावानं काढा. कंपनीचा परवाना आपल्या दुकानाला चालत नाही.

आमच्या दुकानाचं काय झालं? कंपनीला लेखी अर्ज करून गटाच्या चकल्या आणि लाडू ठेवायची परवानगी मागितली. तीन पत्रांनंतर ती मिळाली. त्या विक्रीतून कसाबसा मेळ बसला आणि दोघींचा थकलेला पगार हळूहळू फेडला. तीन वर्षं संपली, कर्ज फिटलं, करार पुन्हा केला नाही. करारात लिहिलं होतं की पुढची दोन वर्षं तालुक्यात चहा विकायचा नाही. वकीलताई म्हणाल्या, करार संपल्यावर अशी बंदी कोर्टात सहसा टिकत नाही. मात्र पाटी, रंग, कप, मेनू यांतलं त्यांचं काहीही ठेवू नका. आम्ही सगळं उतरवलं.

आता गाळ्यावर आमच्या गटाचं नाव आहे. कप थोडे घटले, रोजचे १९० जातात. पण रॉयल्टी नाही, हप्ता नाही. दोघींचा पगार, भाडं, वीज, गॅस जाऊन महिन्याला साडेपाच हजार उरतात आणि ते गटाच्या खात्यात जमा होतात.

त्या दोन गटांना आम्ही एवढंच सांगितलं की आधी तीन दिवस खडे मोजून या, मग ठरावाचं बघू. परवा आईस्क्रीमवाल्या गटाचा फोन आला. शाळेसमोर बसून मोजतायत. आकडे आले की पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून हिशोबाला बसू.