नाकासमोरची वीज

ऑक्टोबर २०२१. राज्यभर कोरोनाचे निर्बंध सैल होत होते. चार तारखेला शाळा उघडल्या, सातला घटस्थापनेच्या दिवशी शिर्डीचं साईमंदिर दर्शनासाठी खुलं झालं. त्याच आठवड्यात नगर जिल्ह्यातली ६१ गावं मात्र पुन्हा बंद होती. दहाहून जास्त रुग्ण असलेल्या गावांत प्रशासनाने ४ ते १३ ऑक्टोबर अशी कडक टाळेबंदी लावली होती. तोवर दीड वर्ष मास्क लोकांच्या गळ्यात, हनुवटीवर आणि अधूनमधून नाकावरही होता. कुणाचं उपरणं, कुणाचा बचत गटाने शिवलेला सुती मास्क, कुणाचा मेडिकलमधला निळा, तर कुणाचा एन-९५.

यातला फरक जाडीचा आहे, असा सर्वसाधारण समज. म्हणून उपरण्याचे चार पदर गुंडाळणारेही होते. प्रत्यक्षात एन-९५ चं कसब जाडीपेक्षा त्यात साठवलेल्या विजेत आहे.

त्याच्या मधल्या थराला उद्योगात ‘मेल्टब्लोन’ म्हणतात. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून गरम हवेच्या झोताने त्याचे काही मायक्रॉन जाडीचे तंतू उडवतात आणि त्यांची जाळी जमवतात. ही जाळी तशी विरळच असते, म्हणून तर तिच्यातून श्वास घेता येतो. विषाणू ज्या सूक्ष्म थेंबांवर स्वार होऊन हवेत फिरतो, त्यांतले मोठे थेंब वळण न घेता आल्यामुळे तंतूंवर आपटतात. अगदी बारीक कण सैरावैरा हलत राहतात आणि कुठेतरी अडकतात. अडचण मधल्यांची, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची. म्हणूनच मास्कची परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर घेतात; त्यांतले किमान ९५ टक्के अडले, तर नावात ९५.

हे कण पकडायला वीज लागते. नगरच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना केस उभे राहतात, तीच ही स्थिर वीज. फक्त इथे ती तंतूंत मुरवलेली असते आणि महिनोन्‌महिने टिकते. अशा पदार्थाला ‘इलेक्ट्रेट’ म्हणतात. मोतोतारो एगुची या जपानी शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी मेण आणि राळ वितळवून, विद्युत क्षेत्रात गोठवून तो बनवला होता. मास्कच्या कापडात असा भार भरण्याची एक पद्धत १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात तैवानी वंशाच्या पीटर त्साई यांनी विकसित केली. भारित तंतू जवळून जाणाऱ्या, स्वतःवर भार नसलेल्या कणालाही ओढून घेतो.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने किमतींना लगाम घातला: तीनपदरी मास्क ४ रुपये, एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. तरी रोज नवा कोण घेणार? मग एन-९५ साबणाने धुऊन दोरीवर वाळत पडले, त्यांच्यावर सॅनिटायझरचे फवारे बसले. दिसायला स्वच्छ, पण वीज गेलेली. एअर फिल्टरची चाचणी घेताना प्रयोगशाळा तंतूंमधला भार मुद्दाम घालवण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरतात, आणि तेच अनेक सॅनिटायझरमध्येही असतं! निवृत्तीतून पुन्हा कामाला लागलेले त्साई २०२० मध्ये वेगळंच सुचवत होते: मास्क धुऊ नका, काही दिवस टांगून ठेवा आणि आलटूनपालटून वापरा, किंवा सुमारे ७० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवा.

ही वीज विषाणूला पकडते, मारत नाही. मारणारं कापड करण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात चंदन सेन यांच्या गटाने पॉलिएस्टरवर चांदी आणि जस्ताचे ठिपके छापले. ओल लागली की त्यांच्यात क्षीण विद्युत क्षेत्र तयार होतं. डुकरांना होणाऱ्या एका कोरोनाविषाणूची संसर्गक्षमता या कापडाच्या स्पर्शाने मिनिटभरात नाहीशी झाल्याचं त्यांनी २०२० मध्ये नोंदवलं. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीजने विजेऐवजी साबणासारख्या रसायनाचा लेप दिलेला मास्क बनवला. केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाचं पाठबळ मिळालेले हे मास्क नंदुरबार आणि नाशिकच्या सरकारी रुग्णालयांतही पोचले.

एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट राहते. कापड कसलंही असो, हवा फटीतून शिरली तर तंतूंची वीज काहीच करू शकत नाही. नाकावरची पट्टी दाबून बसवायला हवी. दाढी राखणाऱ्यांचा मास्क तर चेहऱ्याला नीट चिकटतच नाही, आणि झडप असलेला मास्क आत येणारी हवा गाळतो, पण घालणाऱ्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये राज्यांना याच झडपेबद्दल सावध केलं होतं.