गुण दारापर्यंत नेतात

न्यू जर्सीतल्या एका रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. मार्च-एप्रिल आला की वर्गाबाहेर उभ्या पालकांच्या गप्पांचा विषय बदलतो. मिडल स्कूलमधून पत्रं आलेली असतात. कुणाला नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटीत, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या सन्मान-संस्थेत, घेतलेलं असतं, कुणाला नाही. गेल्या वर्षी एका बाबांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "ताई, सगळ्या विषयांत ए आहे, एकही बी नाही. मग नाव का नाही? कुणाला भेटायचं?" त्यांची सातवीतली लेक मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. आपण नापास झालो, अशी तिची समजूत झाली होती.

ती नापास झाली नव्हती. पण तिला तसं सांगणार कोण? घरात कुणी नियम वाचलेच नव्हते. आमच्या मंडळातल्या बऱ्याच घरांत हेच होतं. हुशार, कष्टाळू माणसं एका शाळेच्या नियमांपाशी येऊन अडखळतात, कारण ती नियमांकडे दहावी-बारावीच्या अनुभवातून बघतात.

"गुण आहेत, म्हणजे हक्क आहे"

सगळ्या गैरसमजांचं मूळ इथेच आहे. आपण गुणवत्ता यादीवर वाढलो. बेरीज जमली की नाव लागायचं. नाही लागलं तर गुणपडताळणीचा अर्ज करायचा आणि एका गुणासाठीही भांडायचं. त्या पद्धतीत मायेला जागा नव्हती, पण पक्षपातालाही नव्हती, म्हणून तिच्यावर आपला विश्वास बसला. ऑनर सोसायटी ही यादी नाही, निवड आहे.

मूळची नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ साली अमेरिकेतल्या मुख्याध्यापकांच्या संघटनेनं, म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ सेकंडरी स्कूल प्रिन्सिपल्सनं, हायस्कूलसाठी सुरू केली. तिची कल्पना पिट्सबर्गच्या फिफ्थ अव्हेन्यू हायस्कूलचे मुख्याध्यापक एडवर्ड रायनर्सन यांची. मिडल स्कूलच्या वयाच्या मुलांसाठीची ज्युनियर शाखा १९२९ ची. हायस्कूलच्या सोसायटीचे चार आधारस्तंभ आहेत: अभ्यास, सेवा, नेतृत्व, चारित्र्य. ज्युनियरमध्ये पाचवा आहे, सिटिझनशिप. या पाचांपैकी आकड्यात मोजला जातो तो फक्त अभ्यास.

त्याची राष्ट्रीय पातळीवरची किमान अट सरासरी ८५ टक्के, किंवा बी श्रेणी, किंवा ४.० च्या मापावर ३.० अशी आहे. शाळेतली शाखा, जिला इथे चॅप्टर म्हणतात, ही अट वाढवू शकते, पण खाली आणू शकत नाही. त्यामुळे एडिसनमधल्या शाळेची अट एक आणि पलीकडच्या गावातल्या शाळेची दुसरी, असं असू शकतं. एकदा ठरवलेली अट मात्र सगळ्या मुलांना सारखीच लावावी लागते.

ही अट पूर्ण झाली की मूल उमेदवार होतं, सदस्य नव्हे. शाळा त्याच्या हाती एक फॉर्म देते आणि इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. हा फॉर्म म्हणजे प्रवेश-अर्ज नव्हे. 'वेळेत भरला, सही केली, म्हणजे झालं' असं त्याचं स्वरूप नाही. ज्यांना निवड करायची आहे, त्यांना त्या मुलाबद्दल कळावं म्हणून तो असतो.

निवड करते फॅकल्टी कौन्सिल. मुख्याध्यापक दरवर्षी तिच्यावर पाच शिक्षक नेमतात आणि मतं या पाचांचीच. सोसायटीचं काम बघणारे शिक्षक, म्हणजे ॲडव्हायझर, सहावे म्हणून बैठकीला बसतात, पण त्यांना मत नाही. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक तर कौन्सिलवर नसतातच. बहुमतानं ठरतं. म्हणून "ॲडव्हायझरनं आमच्या मुलाला पाडलं" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मी त्यांना थांबवते. ज्यांना मतच नाही, त्यांच्यावर राग धरून काय उपयोग?

"आमचं मूल शांत आहे, त्याचं नेतृत्व कुठून दाखवणार?"

हे मी फार वेळा ऐकते आणि दरवेळी वाईट वाटतं. नेतृत्व म्हणजे स्टुडंट कौन्सिलचं अध्यक्षपद असा अर्थ आपण करून बसलो आहोत. पद हा त्याचा एक पुरावा झाला, एकमेव नव्हे. गटात काम करताना दुसऱ्याला बरोबर घेणं, अंगावर घेतलेलं काम वेळेत पुरं करणं, वर्गात चांगला पायंडा पाडणं, हेही नेतृत्वात येतं. चारित्र्यातही शिक्षक बघतात ते असंच: खरेपणा, जबाबदारी, इतरांशी वागणूक.

पण शिक्षकांना शाळेबाहेरचं कसं दिसणार? माझ्या वर्गातला एक आठवीतला मुलगा दर रविवारी बालवर्गातल्या मुलांना बाराखडी गिरवायला मदत करायचा. खडूनं भरलेल्या हातांनी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायचा. त्याचा फॉर्म आईनं मला दाखवला, तर त्यातली सेवेची जागा जवळपास कोरी. "अहो, त्यात सांगण्यासारखं काय आहे?" असं त्या म्हणाल्या. सांगण्यासारखं तेवढंच तर होतं! स्वतःबद्दल बोलायचं नाही हा आपल्या घरांतला संस्कार चांगलाच आहे, पण या फॉर्मपुरता तो बाजूला ठेवावा लागतो. खोटं किंवा फुगवून लिहायचं नाही, जे केलं ते नीट लिहायचं: कुठे, किती काळ, कुणाच्या देखरेखीखाली.

सेवेचा अर्थही जाणून घेण्यासारखा आहे. शाळेसाठी किंवा समाजासाठी पैशाच्या वा वस्तूच्या मोबदल्याशिवाय केलेलं काम, ती सेवा. पैसे घेऊन शेजाऱ्यांचं बाळ सांभाळणं यात बसत नाही. गणेशोत्सवात स्टेजवर नाचणं ही कला झाली, आणि तिथेच सकाळपासून खुर्च्या मांडणं, प्रसाद वाटणं, रात्री हॉल झाडून काढणं ही सेवा. मंडळाचं किंवा देवळातलं काम आपल्या शाळेचं चॅप्टर धरतं का, हे आधी विचारून घ्या. त्याचे तपशील चॅप्टरगणिक बदलतात.

तासांचंही तसंच आहे. "चाळीस तास लागतात", "नाही, वीसच" असे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात. सोसायटीच्या राष्ट्रीय नियमांत तासांचा ठरलेला आकडा नाही. तो प्रत्येक चॅप्टर ठरवतं.

"सिटिझनशिप म्हणजे पासपोर्ट लागणार"

एच-१बी व्हिसावर आलेल्या एका आईनं मुलाला हा फॉर्म देऊ नकोस असं सांगितलं होतं. पाच स्तंभांच्या यादीत तो शब्द वाचला आणि त्यांना वाटलं, आपलं ग्रीन कार्डही अजून झालेलं नाही, उगाच शाळेच्या नजरेत कशाला यायचं. ही भीती मला समजते. वर्षानुवर्षं कागदपत्रांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक फॉर्ममध्ये तोच प्रश्न दिसू लागतो.

पण इथे त्या शब्दाचा अर्थ नागरिक म्हणून असलेलं वागणं एवढाच आहे. समाजाच्या कामात भाग घेणं, कायद्याचा आणि इतरांच्या हक्कांचा मान राखणं, स्काउट किंवा शाळेतल्या एखाद्या क्लबमध्ये जबाबदारीनं सहभागी होणं. मूल अमेरिकेचं नागरिक असावं अशी सदस्यत्वाची राष्ट्रीय अट नाही. मागे ठेवलेला फॉर्म त्या मुलानं शेवटच्या दिवशी दिला.

अभ्यासाच्या स्तंभाचं इंग्रजी नावही आपल्याला चकवतं. ते आहे स्कॉलरशिप. आपल्या कानाला स्कॉलरशिप म्हणजे चौथी-सातवीची परीक्षा, जादा तास आणि गुणवत्ता यादीत आलं तर वर्षाला मिळणारे थोडे पैसे. त्यामुळे "याची परीक्षा कधी असते? क्लास कुठला लावू?" असं विचारणारे आजी-आजोबाही मला भेटले आहेत. परीक्षा नाही आणि निवड झाल्यावर हाती रक्कमही येत नाही. इथे त्या शब्दाचा अर्थ विद्याव्यासंग असा घ्यायचा.

"कॉलेजला उपयोगी पडेल"

थेट उपयोग नाही. कॉलेजच्या प्रवेशासाठी बहुतेक मुलं जो कॉमन ॲप भरतात, त्यात उपक्रम आणि सन्मान विचारतात ते नववीपासून पुढचे. सातवीतलं सदस्यत्व तिथे लिहायला रकाना नाही. शिवाय ज्युनियरचा सदस्य हायस्कूलमध्ये गेला की आपोआप तिथल्या नॅशनल ऑनर सोसायटीत जात नाही. तिथे निवड पुन्हा, नव्यानं होते. तेराव्या वर्षी लागलेली सवय पुढे टिकते, हे मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिलं आहे, आणि मला त्यासाठी तरी ही सोसायटी आवडते.

पैशाबद्दल थोडंसं. चॅप्टरची वार्षिक वर्गणी २० डॉलरांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि ज्युनियर ऑनर सोसायटीत घरबसल्या, एकट्यानं, पैसे भरून सदस्य होता येत नाही. रस्ता शाळेच्या चॅप्टरमधूनच जातो. 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे, शुल्क पाठवा' असं पत्र टपालानं थेट घरी आलं, तर आधी शाळेत विचारा.

"नाव आलं नाही, तर वर दाद मागू"

वर कुठे? राष्ट्रीय कार्यालय एखाद्या मुलाची निवड झाली की नाही यात पडत नाही. त्याला स्थानिक निर्णय फिरवण्याचा अधिकार नाही. निवड न झालेल्या मुलाला अपिलाचा आपोआप हक्कही नाही. आधी ॲडव्हायझरशी बोलायचं, मग मुख्याध्यापकांशी, आणि त्यापुढे शाळेची किंवा डिस्ट्रिक्टची स्वतःची तक्रार-पद्धत असेल तर ती.

याचा अर्थ पाच शिक्षकांनी मनाला येईल ते करावं असा नाही. भेदभावाविरुद्धचे कायदे इथेही लागू होतात. केंटकी राज्यातल्या ग्रँट काउंटीत दोन मुलींना हायस्कूलच्या ऑनर सोसायटीत घेतलं नाही, कारण त्या लग्नाआधी आई झाल्या होत्या. शाळेच्या मते हा चारित्र्याचा प्रश्न होता. १९९८ मध्ये फेडरल न्यायालयानं त्यांना सोसायटीत घेण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यामागे १९७२ चा टायटल नाइन कायदा होता, जो शिक्षणात लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतो. अपंग मुलांना १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ असंच संरक्षण देतं.

त्या पार्किंगमधल्या बाबांना मी सांगितलं, "माझ्या मुलीचे गुण जास्त असताना" या वाक्यानं सुरुवात करू नका. त्या वाक्याला शाळेकडे एकच उत्तर आहे: निवड गुणांवर होत नाही. त्याऐवजी चॅप्टरची निवडपद्धत लेखी मागा आणि ती सगळ्यांना सारखी लावली का, हे विचारा. फॉर्म पूर्ण पोचला होता का? मुलीनं पुढच्या वेळेसाठी कुठे लक्ष द्यावं? त्या शाळेत फॉर्मचं दुसरं पान स्कॅन करताना राहून गेल्याचं निघालं. निवड त्या वर्षी बदलली नाही. मुलीला मात्र कळलं की आपल्याला कुणी नाकारलं नव्हतं, आपल्याबद्दल त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. न निवडलेलं मूल पुढच्या निवडीत पुन्हा उमेदवार होऊ शकतं.

"एकदा आत गेलं की झालं"

निवडीच्या वेळची पातळी राखावी लागते. गुण घसरले किंवा सेवेचं काम पुरं झालं नाही, तर लेखी सूचना मिळते आणि सुधारायला वेळ दिला जातो. शाळेचे नियम किंवा कायदा उघडउघड मोडला असेल, तर सूचनेची गरज नसते. पण काढून टाकण्याआधी कौन्सिलपुढे आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि त्या निर्णयावर मुख्याध्यापकांकडे अपील करता येतं. निवड न होणं आणि काढलं जाणं यांत हा मोठा फरक आहे: आत असलेल्या मुलाला प्रक्रियेचा हक्क आहे.

राजीनाम्याबद्दल मला पालकांना हात जोडून सांगावंसं वाटतं. पोहण्याचा सराव, तबल्याचा क्लास, गणिताची स्पर्धा यांत मूल थकलं की घरात कुणीतरी म्हणतं, "सोडून दे, पुढच्या वर्षी परत घेतील." घेणार नाहीत. ज्यानं राजीनामा दिला किंवा ज्याला काढलं, त्याचा ज्युनियर सोसायटीसाठी पुन्हा कधीच विचार होत नाही. म्हणून तो ई-मेल रात्री अकरा वाजता रागाच्या भरात पाठवू नका. आधी ॲडव्हायझरना भेटा, काम थोडं हलकं करता येतं का विचारा.

नोकरीपायी आपली घरं सारखी हलतात. आज न्यू जर्सी, पुढच्या जुलैत टेक्सास. गाव बदललं म्हणून सदस्यत्व जात नाही. नव्या शाळेत चॅप्टर असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं किंवा ॲडव्हायझरचं पत्र दाखवल्यावर मुलाला तिथे आपोआप घेतात. पुन्हा निवड होत नाही. नव्या चॅप्टरच्या अटी मात्र एका सत्राच्या आत पूर्ण कराव्या लागतात. आपल्याकडे गाव सोडताना आई-वडील शाळा सोडल्याचा दाखला कपड्यांच्याही आधी ट्रंकेत ठेवायचे. हे पत्र तसंच सांभाळायचं, आणि ते जूनमध्ये शाळा बंद होण्याआधी मागायचं, कारण उन्हाळ्यात ॲडव्हायझर सापडत नाहीत.