परसातला कोंबडा कापण्यापूर्वी



उसाचे बिल हप्त्या-हप्त्याने येते. पण परसातल्या आठ-दहा गावरान कोंबड्या घरच्या मीठ-मिरचीचा खर्च बारमाही भागवतात. हा व्यवहार बहुधा घरच्या माउलीच्या हाती असतो आणि कोंबडीचे मोल तिला पक्के ठाऊक असते. कोंबड्याकडे मात्र आपण सारे एकाच नजरेने पाहतो. पाहुणा आला की कापायचा, नाही तर आखाडाला. त्यातही हात जातो तो सर्वांत भारदस्त, तुरेदार कोंबड्यावर. मागे उरतो किरटा, आणि पुढची सारी पिल्ले त्याचीच!

उसाचे बेणे निवडताना आपण असे करतो का? तिथे निरोगी, जाड कांडीच राखून ठेवतो. कोंबड्याचेही तसेच आहे. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, पण ती अंडी उबवून पिल्लू निघत नाही. पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या धंद्यात म्हणूनच त्याला जागा नाही. परसात मात्र आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर लागतो. एक कोंबडी वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी खुडूक बसून आपली पिल्ले काढते; कोंबडा त्या सगळ्याच पिल्लांचा बाप असतो.

त्याची राखण पाहा

सकाळी घटकाभर उभे राहून पाहावे. दाणा सापडला की तो कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो, दाणा उचलून त्यांच्यापुढे टाकतो. आपल्याकडे उसाचे फड घराला लागून. त्यातून मुंगूस, बोका कधी येईल याचा नेम नाही. वर घार दिसली तर त्याचा इशारा वेगळा आणि जमिनीवरून शत्रू आला तर वेगळा. पहिल्या इशाऱ्याला कोंबड्या आडोशाला पळतात, दुसऱ्याला माना ताठ करून सावध होतात.

कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले, की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही पहाटेच्या सुमारास आरवतो. वेळेचे भान त्याच्या अंगातच असते.

लळा कसा लावावा

पिल्लू असल्यापासून रोज ठरल्या वेळी हातावर ज्वारीचे दाणे द्यावेत. कळपात घुसून, पाठलाग करून त्याला धरू नये. रात्री खुराड्यात त्याला नीट दिसत नाही, तेव्हा हळूच उचलून पंखाखाली उवा आहेत का, पाय ठीक आहेत का ते पाहावे. अशाने तो माणसाळतो आणि आजारही वेळेवर कळतो.

अंगावर आला तर लाथ मारू नये, तो त्याला झुंज समजतो. पळूही नये, शांत उभे राहावे. पायामागचा काटा डोळ्याला लागू शकतो, म्हणून लहान पोरांना अशा कोंबड्यापासून दूर ठेवावे. वारंवार मारकेपणा करणारा नर पैदाशीला ठेवू नये. तो गुण पिल्लांत उतरतो.

निवड आणि बदल

चपळ, लालभडक तुऱ्याचा, सरळ पायांचा, कोंबड्यांना सांभाळणारा नर निवडून त्याच्या पायात खुणेचे कडे घालावे. एक-दोन वर्षांनी, त्याच्याच मुली अंड्यावर आल्या की, नर बदलावा. सणसर, लासुर्णे, बेलवाडीच्या सोयऱ्यांशी अदलाबदल करता येईल. नवा कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. मानमोडी शिरली तर अख्खे खुराडे रिकामे होते. लसीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

बाकीचे कोंबडे विकावेत, खावेत. त्याला आमची ना नाही. फक्त आखाडाआधी घरच्या बाईला विचारून बेण्याचा कोंबडा ठरवा आणि मगच सुरीला हात घाला.