काचेतल्या बाळाचा हिशेब

आजारपणाचा खर्च : लेखांक 6

'बाळ काचेत आहे.' यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या बाजारात एवढे तीन शब्द कानावर आले, की ऐकणारा बाळाचे वजन विचारत नाही. तो विचारतो, 'कुठं? अन् रोजचे किती?' प्रश्नांचा हा क्रम निर्दय वाटेल, पण तो अनुभवातून आला आहे. बाळंतपणाच्या खर्चाचा अंदाज घरात असतो. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतात सरकारी दवाखान्यातल्या एका बाळंतपणाला सरासरी 2404 रुपये आणि खासगीत 20,788 रुपये लागले होते. पहिला आकडा उसनवारीत भागतो, दुसऱ्यासाठी कापसाच्या पट्टीची वाट पाहतात किंवा दागिना ठेवतात. काचेचे तसे नसते. तिथे रक्कम ठरलेली नसते, दर ठरलेला असतो, आणि दिवस किती ते कोणीच सांगू शकत नाही. आयुष्मान भारत योजना 2018 साली सुरू झाली, तेव्हा तिच्या दरपत्रकात नवजात बाळाच्या अतिदक्षतेचा एक दिवस 5000 रुपये धरला होता. अधिक गंभीर बाळासाठी त्याहून जास्त. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती. काचेतला एक दिवस म्हणजे मजुरीचे सोळा दिवस. दहा दिवस बाळ आत राहिले, तर एकशे साठ. आणि हा झाला सरकारने योजनेसाठी बांधून दिलेला दर. रोखीने भरणाऱ्याला तो लागू नसतो.

हा खर्च एवढा का, याचे सोपे उत्तर 'डॉक्टर लुटतात' असे दिले जाते. ते अर्धवट आहे. आधी दवाखान्याची बाजू मांडू. तालुक्याच्या गावी चार खाटांचा कक्ष उघडला असे समजा. दोन गंभीर बाळांमागे एक परिचारिका धरली, तर एका पाळीला दोन आणि तीन पाळ्यांना सहा लागतात. सुट्ट्या आणि आजारपणे जमेस धरली की आठ. रात्री हाक मारली तर येणारा बालरोगतज्ज्ञ, वॉर्मर, मॉनिटर, श्वासाला आधार देणारा सीपॅप, ऑक्सिजन, वीज गेली तर जनरेटर. यातला बहुतेक खर्च खाट रिकामी असली तरी चालूच राहतो. चारपैकी दोनच खाटा भरल्या, तर त्या दोन बाळांच्या बिलात रिकाम्या दोन खाटांचे भाडेही मिसळते. त्यातून खाट भरलेली ठेवण्याचा मोहही जन्माला येतो. ज्या बाळाला आईच्या कुशीत ठेवून चालले असते, तेही 'दोन दिवस बघू' म्हणून आत जाते. औषधांचे आणि सुया-नळ्यांचे गणित आणखी वेगळे. औषध किंमत प्राधिकरणाने 2018 साली दिल्ली परिसरातल्या चार बड्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1737 टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. म्हणजे खर्च खराही आहे आणि फुगवलेलाही. फुगवटा काढायला दरनियंत्रण हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उद्या तो सगळा काढला, तरी उरलेला खरा खर्चसुद्धा मुकुटबनच्या झरी-जामणी तालुक्यातल्या शेतमजुराला पेलणारा नाही. म्हणून प्रश्न एक पायरी खाली उतरून विचारावा लागतो : इतकी बाळे काचेपर्यंत पोचतातच का, आणि पोचतात तेव्हा इतकी खालावलेली का असतात?

माझे म्हणणे असे, की काचेतल्या बिलाचा मोठा भाग काचेबाहेरच तयार होतो. जन्माच्या आधीच्या दिवसांत आणि जन्मानंतरच्या प्रवासात. लवकर जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंग उघडे फार. आपल्याला उकडते त्या खोलीतही ते गारठते. गारठले की ऊब टिकवण्यासाठी साखर आणि प्राणवायू जाळते. साखर उतरते, श्वास अडू लागतो, फुप्फुसे आधीच कच्ची असतात. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळही नीट जमत नाही, त्यामुळे पोटात दूध जात नाही. ज्या बाळाला जन्मतःच ऊब आणि थेंब थेंब दूध मिळाले असते तर साध्या वॉर्मरवर भागले असते, तेच बाळ भाड्याच्या गाडीत, टॉवेलात गुंडाळून, तीन तासांनी पोचले की व्हेंटिलेटरचे होते. पाचशेचे बाळ पाच हजारांचे होते ते रस्त्यावर.

आता मुकुटबनचा नकाशा पाहा. जिल्हा यवतमाळ, म्हणून सरकारी वाट यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. ते शंभराहून अधिक किलोमीटर. वणी तीस-पस्तीस किलोमीटरवर. चंद्रपूरचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळपेक्षा पुष्कळ जवळ, पण जिल्हा दुसरा. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तिथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही यवतमाळपेक्षा जवळ, पण राज्यच दुसरे. तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, आणि कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. अंतर पोडापासून मोजायला लागलो, तर डांबरी रस्ता सुरू होण्याआधीच तास जातो. गावालगत सिमेंटचा मोठा कारखाना आहे, वणीच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. लोडिंगचे ट्रक या रस्त्याने रात्रंदिवस धावतात. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, कायम कामगाराच्या बाळंतपणामागे कंपनीची वैद्यकीय सोय उभी असते. त्याच खाणीतल्या ठेकेदाराच्या माणसाला ती तशी नसते, आणि शेजारच्या वावरात कापूस वेचणारीला तर नाहीच.

कागदावर मात्र या बाईसाठी पुष्कळ काही आहे. 1 जून 2011 रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून आणणे, पुढच्या दवाखान्यात नेणे आणि घरी सोडणे हे सारे मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही हीच सवलत, आणि नंतर ती वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 1 जुलै 2024पासून दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि रेशनकार्डाचा रंग पाहणे बंद झाले. तेव्हा पहिला आक्षेप इथेच येतो : एवढे सगळे असताना ओरड कशाची? ओरड याची, की योजना खाटेचे पैसे भरते, खाट तयार करत नाही. यादीतला दवाखाना जवळ नसेल, तर पाच लाखांचे कार्ड खिशात ठेवून माणूस जवळच्या, यादीबाहेरच्या काचेत बाळ ठेवतो आणि सावकाराकडे जातो. मध्यरात्री कोणी यादी पाहत नाही. 'मोफत' बाळंतपणाला लागलेले ते 2404 रुपयेही असेच आहेत. गाडी, बाहेरून आणलेले औषध, सोबतच्या बायांचे जेवण. रक्कम लहान आहे, पण जिथे शून्य लिहिलेले आहे तिथे ती भरावी लागली आहे.

सरकारी व्यवस्थेची मूळ आखणी चुकीची नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण तिला नावे ठेवण्याची आपल्याला सवय झाली आहे. निकष असे : जिथे बाळंतपण होते तिथे नवजात कोपरा, म्हणजे वॉर्मर आणि श्वास देण्याची पिशवी-मुखवटा, रेफरल दवाखान्यात चार खाटांचे नवजात स्थिरीकरण एकक, जिल्ह्याच्या ठिकाणी बारा किंवा जास्त खाटांचा विशेष नवजात कक्ष, ज्यात 1800 ग्रॅमच्या आतली बाळे घ्यावीत. जिन्याच्या तीन पायऱ्या. गोची मधल्या पायरीवर होते. कोपरा गावात बसवता येतो, मोठा कक्ष जिल्ह्यात उद्घाटनाला शोभतो. मधले चार खाटांचे एकक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याला यंत्रांपेक्षा रात्रपाळीची प्रशिक्षित परिचारिका हवी असते, आणि ती यंत्रासारखी खरेदी करता येत नाही. बदली, रिक्त पद, करारावरची नेमणूक यांतून ती सुटली की वॉर्मर प्लॅस्टिकखाली जातो आणि बाळ 'पुढे' जाते. मुकुटबनच्या बाजूने पाहिले, तर अशा चार खाटा शेजारच्या तालुक्यांतल्या वणीत आणि पांढरकवड्यात रात्री दोन वाजता चालू असणे, हे यवतमाळमध्ये आणखी वीस खाटा वाढवण्यापेक्षा मोलाचे आहे.

त्याहून स्वस्त पायरी तर जन्माच्या आधीची आहे. लवकर प्रसूती होणार असे दिसले, तर बाळाला नेण्यापेक्षा आईला नेणे चांगले. आईच्या पोटासारखी पेटी कोणत्याही कंपनीला बनवता आलेली नाही. आणि निघण्यापूर्वी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन. ते बाळाची फुप्फुसे पिकवते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या इंजेक्शनाने अपुऱ्या दिवसांच्या नवजातांचे मृत्यू 16 टक्क्यांनी कमी झाले. औषध जुने आहे, कुपी काही रुपयांची. उपकेंद्रातल्या परिचारिकेने पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यावा, अशी केंद्र सरकारची सूचनाही आहे. मात्र ती चाचणी अशा रुग्णालयांत झाली होती, जिथे गरोदरपणाचे दिवस नेमके मोजलेले होते आणि जन्मलेल्या बाळाची काळजी घेणारे हात हजर होते. नुसती कुपी पुरत नाही. सोनोग्राफी वेळेवर झालेली हवी आणि पुढची पायरी जागी हवी.

इथे दुसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो : पैसेवाल्यांना व्हेंटिलेटर आणि गरिबांना आशाताई, अशी ही वाटणी नव्हे काय? याचे उत्तर विदर्भातच आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास तपासणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या 39 गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला होता, आणि खर्च होता बाळामागे 5.3 डॉलर. 2011पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांनी बाळाच्या घरी सहा भेटी द्यायच्या, हे धोरण त्यातूनच आले. दुसरा दाखला मुंबईचा. शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी परिचारिका अपुऱ्या असताना आयांनाच नवजात कक्षात बाळाजवळ घेतले, बाटलीचे दूध थांबवले, आणि 1989 साली तिथे आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी राहिली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या चाचणीत, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत दिलेल्या लहान बाळांचे मृत्यू 25 टक्क्यांनी कमी निघाले. 2021 साली ते प्रसिद्ध झाले. हे गरिबांवर केलेले उपकार नव्हेत. पुण्या-मुंबईच्या महागड्या कक्षांतही हेच करायला हवे, आणि जिथे शहाणपण आहे तिथे ते करतात. कांगारूने व्हेंटिलेटरची गरज संपत नाही. व्हेंटिलेटर ज्याला लागायला नको होता, त्याची रांग कमी होते, आणि खरोखर लागणाऱ्याला जागा मिळते.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे. 9 जानेवारी 2021च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर कोणत्या तोंडाने लोकांना सरकारी काचेत बाळ ठेवा म्हणायचे? ही भीती खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण 25 मे 2024च्या रात्री दिल्लीच्या विवेक विहारमधल्या एका खासगी बालरुग्णालयातही आग लागली आणि सात नवजात दगावले. आग सरकारी-खासगी पाहत नाही. ती तारा, ऑक्सिजन आणि तपासणीची तारीख पाहते. फरक एवढाच, की सरकारी कक्षाची तपासणी मागण्याचा आपल्याला थेट हक्क आहे आणि तो आपण वापरत नाही.

ज्यांना खासगीतच जावे लागते त्यांच्यासाठी दोन गोष्टी थोडक्यात. 2025च्या मार्चअखेर पुण्यात जुळ्यांची आई होणाऱ्या एका महिलेकडे धर्मादाय रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, ती दुसरीकडे बाळंत होऊन दगावली, आणि महाराष्ट्र हादरला. त्या मागणीमागे होता तो मुख्यतः दोन अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेचा अंदाज, हे त्या गदारोळात थोडे बाजूला पडले. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या, हे उच्च न्यायालयाच्या 2006च्या योजनेनुसार बंधनकारक आहे. आणि प्रत्येक खासगी शुश्रूषागृहाने दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची, हे 2021च्या महाराष्ट्राच्या नियमांत आहे. बाळ आत देण्यापूर्वी दरपत्रक मागा. मागितल्याने कोणी बाळाला बाहेर काढू शकत नाही.

बाकी राहतो मधल्या पायरीचा प्रश्न. वणी आणि पांढरकवड्याच्या सरकारी रुग्णालयांत नवजात बाळांच्या खाटा किती, रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका किती, गेल्या वर्षी किती बाळे दाखल झाली, किती पुढे पाठवली आणि कशासाठी, वायरिंगची तपासणी शेवटची कधी झाली, एवढे पाच प्रश्न एका कागदावर मावतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. मुकुटबनच्या ग्रामसभेने तो अर्ज करावा, ही विनंती. पुढच्या लेखांकात सिझेरियन : 2017-18च्या त्याच पाहणीत सरकारी दवाखान्यांतल्या 17 टक्के आणि खासगीतल्या 55 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या.